डब्यातील शक्ती आणि ताटातील शक्ती

आमच्या घरी हल्ली मीठ ज्या डब्यात ठेवतात, त्या डब्यावर एक हसरी आई आणि तिच्या कडेवर गुटगुटीत बाळ असे चित्र आहे. हा डबा मुळात मिठाचा नव्हे. दोन वर्षांपूर्वी वहिनीला दिवस गेले असताना दादाने तो सातशे रुपयांना आणला होता, आणि आणायला मीच सांगितले होते. घरात कॉलेजात जाणारी मी एकटी. त्यामुळे ‘कोणती पावडर चांगली?’ या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक असणारच, असे सर्वांनी गृहीत धरले. आणि मीही मोबाईलवर दोन जाहिराती पाहून मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर देऊन टाकले. ते उत्तर चुकीचे होते. ती चूक कशी कळली आणि ती निस्तरताना मी काय शिकले, ते वार्षिकांकाच्या निमित्ताने सांगावेसे वाटते. कला शाखेच्या विद्यार्थिनीने आरोग्यावर कशाला लिहावे, असे कोणी विचारील. पण गोळी गिळताना कोणी शाखा पाहत नाही!

आमचा पाडा मोखाडा तालुक्यात. भाताची कापणी, झोडणी उरकली की दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो. डब्याचे सातशे रुपये भट्टीच्या उचलीतून गेले, म्हणजे अजून न केलेल्या कामाच्या मजुरीतून. वहिनी रोज सकाळी दोन चमचे पावडर कोमट पाण्यात ढवळून प्यायची. दूध घरात चहापुरतेच असते. पंधरा दिवसांत डबा संपला, दुसरा आला.

सहाव्या महिन्यात आशाताई घरी आल्या. “लाल गोळ्या चालू आहेत ना?” त्यांनी विचारले. वहिनीने मान डोलावली. आशाताईंचा काही विश्वास बसला नाही. कुडाच्या भिंतीला अडकवलेली पिशवी त्यांनी काढली, तर गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा. “गोळीने मळमळतं, परसाकडे काळं होतं,” वहिनी म्हणाली, “आणि आता पावडर आहे ना, मग गोळी कशाला?” त्यानंतर जव्हारला नेऊन रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.८ निघाले. गरोदर स्त्रीचे ते निदान ११ तरी हवे. सातशे रुपयांचा डबा फळीवर होता, फुकट मिळालेले औषध पिशवीत होते आणि वहिनीच्या अंगात रक्त नव्हते. त्या दिवशी मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली.

मग मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. आपल्या प्राध्यापकांना विचारले, आरोग्यसेविकांना विचारले. त्यातून जे हाती आले ते असे.

जीवनसत्त्व म्हणजे शक्ती नव्हे

‘ताकदीची गोळी’ हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की जीवनसत्त्वात ताकद असते असे आपण धरूनच चालतो. वस्तुतः ताकद, म्हणजे उष्मांक, मिळतो तो पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यांपासून. म्हणजेच भात, भाकरी, तेल आणि डाळीपासून. जीवनसत्त्वे आणि क्षार यांत उष्मांक मुळीच नसतात. खाल्लेल्या अन्नाचे शरीरात जे काही होते, ते नीट व्हावे म्हणून ती अत्यल्प प्रमाणात लागतात. चूल पेटवायला काडी लागते; पण लाकडे नसताना काड्यांच्या पेट्या आणून स्वयंपाक होत नाही, तसेच हे आहे.

या शोधाचा इतिहासही मनोरंजक आहे. जावा बेटावर आइकमान या डच डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे आढळले, की पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. माणसांतील बेरीबेरी या रोगाचा उलगडा पुढे त्यातूनच झाला आणि १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा अज्ञात द्रव्यांना १९१२ मध्ये कासिमिर फुंक या शास्त्रज्ञाने जे नाव दिले, त्यावरून ‘व्हिटामिन’ हा शब्द रूढ झाला. मराठीत आपण त्याला जीवनसत्त्व म्हणतो.

या इतिहासातील एक पान आपल्या मुंबईचे आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होत असे. त्याचे कारण त्यांना शोधायचे होते. त्या स्त्रियांच्या आहाराकडे त्यांनी लक्ष दिले आणि यीस्टचा साधा, स्वस्त अर्क दिल्यावर त्यांचे रक्त सुधारते असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधील ते द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. लॅटिनमधील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरूनच त्याचे नाव पडले. पुढे आंध्रात जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी यांनी ते अमेरिकेतील प्रयोगशाळेत तयार केले. माझ्या वहिनीच्या पिशवीत पडून राहिलेल्या लाल गोळीत लोहाबरोबर हेच फॉलिक आम्ल असते. मुंबईच्या कष्टकरी बायकांच्या दुखण्यातून जे ज्ञान जगाला मिळाले, ते जेमतेम दीडशे किलोमीटरवरच्या आमच्या घरात भिंतीला टांगलेले होते!

जास्त म्हणजे चांगले, असे नाही

जीवनसत्त्वांचे दोन वर्ग आहेत. ब गट आणि क ही पाण्यात विरघळतात. जरुरीपेक्षा जास्त घेतल्यास बहुतांशी लघवीवाटे निघून जातात. ब गटाच्या गोळीनंतर लघवी पिवळीजर्द होते ती त्यामुळेच. म्हणजे बरेचसे पैसेही त्याच वाटेने गेले म्हणायचे. तरी तीही अगदी निर्धोक नाहीत. ब-६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास मज्जातंतूंना इजा होते.

अ, ड, ई आणि के ही स्निग्ध पदार्थांत विरघळतात व शरीरात साठून राहतात. त्यांचा अतिरेक अधिक घातक. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा गरोदरपणी घेतल्यास गर्भाला अपाय होऊ शकतो. ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी डॉक्टर सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायला सांगतात. ती रोजची समजून कोणी घेत राहिला, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर ताण येतो. आपल्याला रोज लागतात ती ६०० एकके, हे लक्षात घेतले म्हणजे पुडीचा आकार फसवा आहे हे कळते.

आपल्याकडे उणीव कशाची?

गोळी ही भोक बुजविण्याची चिंधी आहे. भोक कुठे आहे ते न पाहता चिंध्या विकत घेण्यात अर्थ नाही. म्हणून पहिला प्रश्न, आपल्या भागात उणीव कशाची?

जव्हार-मोखाड्याचे नाव वर्तमानपत्रांत येते ते बहुधा याच कारणासाठी. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तरीही २०१६ साली आपल्याच भागातील बालमृत्यूंच्या बातम्या पुन्हा छापून आल्या. या मुलांना कमी पडला होता तो आधी घास: पुरेसे अन्न, पुरेशी डाळ, थोडे तेल. त्यात हगवण, ताप, गोवर यांनी शरीर पोखरले की उपासमारीचे बळ दुप्पट होते. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी ‘डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना’ आदिवासी भागांत २०१५ पासून आली आणि पुढे लहान मुलांसाठी तीत अंडी, केळी आली, ती हे ओळखूनच. ती जेवणे ज्या अंगणवाडीत मिळतात, त्या अंगणवाडीची कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याच जिल्ह्यातील बोर्डी-कोसबाडच्या परिसरात रुजवली, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

दुसरी उणीव लोहाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या वर्गातील मुलींच्या दर दोन बाकांवर निदान एक-दोघी तरी! जिने चढताना धाप लागणे, डोके गरगरणे, तास चालू असताना डोळे मिटणे यांना आपण ‘आळस’ म्हणतो. गुरुजनांना विनंती, की अशी विद्यार्थिनी दिसली तर रागावण्यापूर्वी तिला रक्त तपासून घ्यायला सांगावे.

मात्र एक इशारा. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या उणिवेने होत नाही. आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात. अशा रुग्णाला लोह द्यायचे की नाही, हे डॉक्टरांनी तपासूनच ठरवावे लागते. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये या आजाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. वहिनीचीही ही तपासणी झाली, ती निर्दोष निघाली, आणि मगच तिला रोज दोन लाल गोळ्या सुरू झाल्या.

गोळी कोणी घ्यावी, कशी घ्यावी?

काही गोळ्या खरोखर लागतातच, आणि त्यांतील बहुतेक आपल्याला उपकेंद्रात, अंगणवाडीत व शाळेत विनामूल्य मिळतात. गरोदर स्त्रीला ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. किशोरवयीन मुलामुलींना तेवढ्याच मात्रेची निळी गोळी आठवड्यातून एकदा मिळते. पाच वर्षांखालील मुलांना नवव्या महिन्यापासून दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. रातांधळेपणा टळतो तो त्याने. जंताची गोळीही विसरू नये, कारण पोटातील अंकुशकृमी रक्त पीत असतील तर लोहाची गोळी म्हणजे गळक्या हंड्यात पाणी.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहातील द्रव्ये लोह शोषू देत नाहीत. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये. लिंबू किंवा आवळा बरोबर असेल तर लोह अधिक शोषले जाते. मळमळत असल्यास जेवणानंतर, रात्री झोपताना घ्यावी. शौचास काळे होते, ते शोषून न झालेल्या लोहामुळे. त्यात भिण्यासारखे काही नाही. एवढ्या चार गोष्टी वहिनीला पहिल्याच दिवशी कोणी समजावून सांगितल्या असत्या, तर तिने गोळ्या टांगून ठेवल्या नसत्या. आणि सांगायला घरात मी होते! मी मात्र पावडरीची जाहिरात वाचीत होते.

ब-१२ ची गोष्ट वेगळी आहे. ते वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही; दूध, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते. आमच्याकडे पावसाळ्यात खेकडे, मासे आणि एरवी सुकट खाणाऱ्यांना त्याची फारशी चिंता नाही. पण माझे चुलते माळकरी. त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची यात्रा ते चुकवीत नाहीत. माळ घातल्यापासून मासे सुटले आणि दूध काही वाढले नाही. त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा तपासणीत ब-१२ कमी निघाले. अशांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेतल्यास त्यांच्या माळेला काही बाध येत नाही.

आपल्या ताटातील शक्ती

आता ताटाकडे वळू. आपल्या डोंगरउतारांवरची नागली आपणच गरिबीची खूण ठरवून टाकली. पाहुणे आले की भात, एरवी भाकरी! पण शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. आइकमानच्या कोंबड्या येथे आठवाव्यात. मोड आणून दळलेल्या नागलीतील क्षार शरीराला अधिक चांगले मिळतात. लहान मुलांसाठी केलेले नागलीचे सत्त्व हे या दृष्टीने शहाणपणाचे आहे. नागलीची भाकरी आणि उडदाचे वरण एकत्र खाल्ले म्हणजे एकातील प्रथिनांची उणीव दुसरे भरून काढते.

पावसाचे पहिले शिंतोडे पडले की टाकळा, कुर्डू, शेवळी, करटोली या रानभाज्या येतात. शेवळीने घसा खवखवू नये म्हणून तिच्यात काकडे किंवा चिंच घालायची, हे आमच्या आजीला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नव्हते. दारातल्या शेवग्याच्या पाल्यात अ जीवनसत्त्व देणारे द्रव्य, कॅल्शियम आणि लोह असते. आवळ्यात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असते. मात्र ताटाचे गोडवे गाताना आपण स्वतःला फसवू नये. रानभाजी पावसाळ्यात मिळते, वीटभट्टीवर मिळत नाही. आणि डाळ महाग असते. ‘सकस खा’ असा उपदेश रिकाम्या शिधापिशवीला करता येत नाही. म्हणूनच रेशन, अंगणवाडीचा आहार आणि गोळ्या ही दया नसून आपला हक्क आहे, आणि तो मागून घेतला पाहिजे.

रेशनच्या तांदळाविषयीही एक गैरसमज दूर करायला हवा. २०२१ नंतर टप्प्याटप्प्याने रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घातलेले तयार दाणे शंभरास एक या प्रमाणात मिसळण्यात आले. ते थोडे वेगळे दिसतात, पाण्यात कधी तरंगतात. आमच्या पाड्यावर ‘प्लॅस्टिकचा तांदूळ आला’ अशी आवई उठली आणि बायकांनी ते दाणे वेचून वेचून कोंबड्यांना टाकले. त्या वर्षी कोंबड्यांची प्रकृती उत्तम होती!

डबा वाचावा कसा?

अखेर मी तो डबा पाठीमागून वाचला. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हे मला तेव्हा कळले. त्यात साखर दुसऱ्या क्रमांकावर होती. चारशे ग्रॅमच्या संपूर्ण डब्यात प्रथिने भरली शंभर ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. सात रुपयांना एक या भावाने सातशे रुपयांत शंभर अंडी येतात, म्हणजे सहाशे ग्रॅम प्रथिने. लोह दिवसाला चौदा मिलिग्रॅम. लाल गोळीच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. डब्यात विष नव्हते. पण वहिनीला जे हवे होते ते त्यात पुरेसे नव्हते, आणि डबा आहे या भरवशावर खरे औषध बाजूला पडले. सर्वांत मोठे नुकसान ते हेच.

पूरक आहाराच्या डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे ‘औषधी उपयोगासाठी नाही’, असे लिहिलेले असते. तो मजकूर बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत असतो, चित्र मात्र मोठे असते. चित्र सर्वांना वाचता येते. मजकूर वाचणे हे आपले, शिकलेल्यांचे, काम आहे.

आमच्या ओळखीचा एक विद्यार्थी पोलीस भरतीची तयारी करतो. तो दरमहा पैसे साठवून प्रोटीनची पावडर घेत असे. साठ किलो वजनाच्या तरुणाला रोज सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. चारशे ग्रॅम तांदूळ-नागलीतून अठ्ठावीस, पन्नास ग्रॅम डाळीतून अकरा आणि दोन अंड्यांतून बारा: हिशेब येथेच पुरा होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या १७ आहारसूत्रांतही स्नायू वाढविण्यासाठी अशा पावडरी टाळाव्यात असेच सांगितले आहे.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी कोणी ‘कोणती गोळी चांगली?’ असे विचारले, तर आपण उलट तीन प्रश्न विचारावेत. उणीव कशाची आहे आणि ती तपासली आहे का? तीच गोष्ट ताटातून किंवा उपकेंद्रातून मिळते का? आणि मात्रा किती, किती दिवस, हे कोणी जाणत्याने सांगितले आहे का? तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय खिशात हात घालू नये.

वहिनीचे हिमोग्लोबिन बाळंतपणापूर्वी ९.९ पर्यंत चढले. अकरा काही झाले नाही, कारण सुरुवातीचे महिने वाया गेले होते. मुलगी झाली, दोन किलो सहाशे ग्रॅमची. आता ती धावते आणि तिची आई तिला नागलीची भाकरी भरवते. भाकरी करताना वहिनी मिठासाठी तो डबा उघडते, तेव्हा चित्रातली आई माझ्याकडे पाहून हसते आहे, असे मला अजूनही वाटते.